संयमाला उपकरण चालतं का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात कुणाला इस्पितळात भरती करायचं ठरलं की पिशवी जवळजवळ आपोआप भरली जाते. थर्मास, दोन चादरी, पंचा, साबण, दत्ताच्या देवळातला अंगारा ठेवून होतो आणि मग खरी महत्त्वाची व्यवस्था लागते ती डब्यांची. सकाळची पेज कोणी न्यायची, दुपारचा मऊ भात कुणाकडून, संध्याकाळी मुगाची खिचडी कोण पोचवणार, हे घरातल्या बायका उभ्या उभ्या ठरवून टाकतात. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या माणसाला नेमकं हेच चालत नाही. जठराचा बराच भाग काढून टाकल्यावर पहिले काही दिवस पाणी, ताक, गाळलेलं सूप असं पातळ, तेही साधारण पंधरा मिनिटांना तीस मिलिलिटर या बेतानं, एवढाच त्याचा आहार. घरचा डबा दाराशीच थांबतो. मग पिशवीत काय न्यायचं हा प्रश्न नुसता यादीचा राहत नाही. पिशवी भरणाऱ्यांच्या मनात एक जुना संशय असतो आणि तो बहुतेक वेळा बोलूनही दाखवला जातो: जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली असती का? जो ताबा स्वतःच्या मनानं मिळवता आला नाही तो सर्जनच्या हातून मिळवला, तर त्याला संयम म्हणायचं का? माझं उत्तर आहे, म्हणायचं. आणि आपल्या परंपरेतच त्याला भक्कम आधार आहे, तोही ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कातळात कोरलेला.

आधी संशयाकडे बघू, कारण तो पोकळ नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला योग साधत नाही असं सांगितलं आहे. मात्र त्याच श्लोकात अजिबात न खाणाऱ्यालाही तो साधत नाही असंही म्हटलं आहे, आणि हा दुसरा अर्धा भाग आपण लठ्ठ माणसाला उपदेश करताना सोयीनं गाळतो. मिताहार हा धर्म आहे यात वाद नाही. वाद आहे तो अमिताहाराचं सगळं खापर मनाच्या दुबळेपणावर फोडण्याबद्दल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. अतिस्थूल माणसाची कारणं मोजताना चरक अति खाणं, जड-गोड-स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, चिंता नसणं ही सगळी सांगतो आणि शेवटी बीजाचा स्वभावही त्यात घालतो. म्हणजे जन्माबरोबर आलेली घडण. त्याहून महत्त्वाचं आहे ते पुढचं. मेदानं मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरत राहतो, अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेलं झटपट पचतं आणि माणूस पुन्हा अन्न मागतो, असं तो म्हणतो. लठ्ठपणाच्या आठ दोषांत त्यानं अतिक्षुधा घातली आहे. भूक इथे फक्त रोगाचं कारण नाही, रोगाचा परिणामही आहे. चरकाला आजचं शरीरशास्त्र ठाऊक होतं असा दावा मला करायचा नाही, तसे दावे त्याच्यावरही अन्याय करतात. पण रुग्णाकडे बघून, त्याच्यावर चिडण्याऐवजी त्याच्या भुकेचं कारण शोधायची बुद्धी त्याला झाली, ही साधी गोष्ट नाही.

आता आपल्या काळातला पुरावा. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास जणांना दहा आठवडे कडक आहारावर ठेवून त्यांचं वजन उतरवलं होतं. वर्ष उलटून गेलं तरी त्यांच्या भुकेच्या संप्रेरकांची पातळी पूर्ववत झालेली नव्हती आणि त्यांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. २०१६ मधला अमेरिकेतला अभ्यास तर मन विषण्ण करणारा आहे. दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. साऱ्या देशाच्या नजरेसमोर घाम गाळलेली ही माणसं. त्यांच्यात निग्रह नव्हता असं कोण म्हणेल? तरी बहुतेकांचं बरंचसं वजन परत चढलं होतं. शरीर हरवलेला मेद परत मिळवायला अशी वर्षानुवर्षं झुंज देतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात. घ्रेलिन जिथे सर्वाधिक बनतं तो भागही त्यात जातो, आणि अनेक रुग्णांची भूकच पहिले काही महिने ओसरते. एखाद्या अवयवाचा तुकडा काढल्यानं जी ओढ कमी होते, ती ओढ केवळ चारित्र्यातला डाग होती असं म्हणणं यापुढे प्रामाणिकपणाचं नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. सगळंच शरीराच्या माथी मारलं तर माणसाची जबाबदारी उरली कुठे? मग एकादशी कशाला, चातुर्मासातले नेम कशाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचं उत्तर शोधायला ग्वाल्हेरकराला दूर जावं लागत नाही. उरवाई दरवाजाकडून किल्ला चढताना दोन्ही बाजूंच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड नग्न मूर्ती दिसतात. बहुतेक पंधराव्या शतकातल्या, तोमर राजे डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात कोरलेल्या. अंगावर काही नाही, हातात काही नाही. अपरिग्रहाचं याहून टोकाचं चित्र नसेल. या मूर्तींकडे पाहून वाटतं की खरा संयम म्हणजे सर्व आधार टाकून नुसत्या इच्छाशक्तीवर उभं राहणं. पण या मार्गानं आजही चालणाऱ्या दिगंबर मुनींकडे पाहा. वस्त्र टाकलं तरी त्यांच्याजवळ मोरपिसांची पिच्छी असते, कमंडलू असतो आणि शास्त्रग्रंथ असतो. परंपरा त्यांना उघड उपकरणच म्हणते: पिच्छी संयमाचं, कमंडलू शौचाचं, शास्त्र ज्ञानाचं. बसण्यापूर्वी जागा हळुवार झाडली नाही तर किडामुंगी चिरडेल, आणि नुसत्या सद्भावनेनं ती वाचत नाही. म्हणून हातात पिच्छी हवी. ज्यांनी जगातलं सगळं सोडलं त्यांनीही संयमाला साधन लागतं हे मान्य केलं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याही वस्तूंवरून केलेली नाही, ती आसक्तीवरून केली आहे. वस्तू जवळ असणं हा दोष नाही, तिच्यात जीव गुंतणं हा दोष.

याच परंपरेनं सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन, म्हणजे न खाणं. दुसरं अवमौदर्य, भुकेपेक्षा कमी खाणं, ज्याला लोक ऊनोदरी म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस घास धरून त्याहून कमी घेणं, असा हिशेबही दिला आहे. उपवासापेक्षा ऊनोदरी अवघड आहे असं मला वाटतं. पान समोर असताना, भूक शिल्लक असताना हात आवरायचा. एक दिवस न खाणं पुष्कळांना जमतं. रोज थोडं कमी खाणं फार थोड्यांना जमतं, आणि ज्याचं शरीर रोज दुप्पट आवाजात अन्न मागतं त्याला ते जवळजवळ अशक्य होतं. शस्त्रक्रिया तो आवाज कमी करते. हात आवरण्याचं काम मात्र त्याचंच राहतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २०३७ रुग्ण होते. २००७ मध्ये निष्कर्ष आले. सरासरी जवळपास अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात, वय आणि इतर धोके जमेस धरल्यावर शस्त्रक्रिया केलेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी निघालं. पण त्याच अभ्यासात जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरून दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावलं होतं. आयतं फळ मिळतं म्हणणाऱ्यांनी हा उतार बघावा. सर्जनचं काम दोन-तीन तासांत संपतं. त्यानंतर रोजची साठ-ऐंशी ग्रॅम प्रथिनं, जन्मभराच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बी-१२, लोह, कॅल्शियम, जेवताना पाणी न पिण्याचा नेम, प्रत्येक घास बारीक चावण्याचा नेम, हे सारं दीक्षेइतकंच लांबणारं आहे.

पिच्छी शरीर कापत नाही, शस्त्रक्रिया कापते, आणि स्लीव्हमध्ये काढलेला भाग परत मिळत नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच हा पहिला उपाय नव्हे. आता भूक कमी करणारी नवी इंजेक्शनंही भारतात २०२५ पासून मिळू लागली आहेत, त्यांचा विचार डॉक्टरांनी रुग्णाबरोबर जरूर करावा. पण शरीराला शस्त्र लावणं म्हणजेच अधर्म, असं ज्या भूमीत सुश्रुत झाला तिथे तरी म्हणता येणार नाही. मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, झिजलेले गुडघे यांनी ग्रासलेल्या देहाला हात न लावणं हीही एक निवड आहे आणि तिचेही परिणाम भोगावे लागतात.

हे एकदा पटलं की पिशवीची यादी वेगळ्या नजरेनं करता येते. ज्ञानाचं उपकरण म्हणजे फाइल. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, चालू औषधांची यादी, आधार कार्ड आणि विम्याचे कागद. याच फाइलमध्ये एक हृदयद्रावक गोष्ट दडलेली असते. २०१९ मध्ये विमा नियामकानं या शस्त्रक्रियेसाठी जी प्रमाण अट ठरवून दिली, तिच्यात वय किमान अठरा, बीएमआय चाळीस, किंवा गंभीर सहव्याधी असून कमी त्रासाचे उपाय फसलेले असतील तर पस्तीस, असं मागितलं आहे. म्हणजे अशा रुग्णाला आपल्या पराभवाचा पुरावा जोडावा लागतो. आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, बंद पडलेल्या जिमची पावतीसुद्धा. समाज ज्याला तुझ्यात निग्रह नाही म्हणून हिणवतो, त्याच माणसाच्या पिशवीत निग्रहाच्या वर्षांची कागदपत्रं असतात. नातेवाइकांनी ती फाइल एकदा उघडून बघावी. शौचाचं उपकरण म्हणजे पुढून उघडणारे सैल सुती कपडे, वाकावं न लागणाऱ्या चपला, टूथब्रश, कोरड्या ओठांना लावायचं मलम. झोपेसाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यानं ते विसरू नये, शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री त्याची गरज नेहमीपेक्षा जास्त असते. आणि संयमाचं उपकरण? तीस मिलिलिटरच्या खुणेची इवलीशी वाटी. काही इस्पितळं ती देतात, नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकणही चालतं. तहान लागलेली असते, ग्लासभर पाणी समोर असतं आणि त्या वाटीच्या मापानं, घोटाघोटानं प्यायचं असतं. त्यात पिच्छीनं जागा झाडण्याइतकीच सावधानता आहे.

देवाच्या वस्तूंचं काय, हा प्रश्न तर हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मंगळसूत्र, जानवं, गळ्यातली तुळशीची माळ शस्त्रक्रियेच्या दालनात बहुधा काढायला सांगतात. धातूचे दागिने असताना विजेच्या सुरीनं भाजण्याचा धोका असतो, शिवाय अंगावर सूज येते. वारकऱ्याला माळ उतरवणं जड जातं. पण व्रत मण्यांत असतं की ते घेणाऱ्यात, याचं उत्तर ज्यानं माळ घातली त्याला आधीपासून ठाऊक असतं. माळ घरच्या माणसाच्या हातात राहावी, शुद्ध आल्यावर परत गळ्यात यावी. अंगारा कपाळाला लावावा, पोटावरच्या चार-पाच छोट्या छेदांजवळ नेऊ नये. तीर्थाची गोष्ट जरा नाजूक आहे. भूल देण्यापूर्वी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणीसुद्धा बंद असतं, आणि पंचामृतात दूध-दही असल्यामुळे ते पाण्यात नव्हे, अन्नात मोजलं जातं. भक्तीनं दिलेला तो चमचा भुलेच्या वेळी फुप्फुसात उतरू शकतो. प्रसादाच्या पेढ्याचंही तसंच. बायपासनंतर एवढ्याशा साखरेनं धडधड, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. आपल्या उपासनेत मानसपूजा पहिल्यापासून आहे, त्यात नैवेद्यही मनानंच दाखवतात. प्रसाद हातात घेऊन डोळ्यांना लावला आणि शेजारच्याला दिला, तर त्यात न्यून काय राहिलं?

सगळ्यात टोचणारा आक्षेप आणखी वेगळा आहे. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातच श्योपूर जिल्हा आहे, जिथे सहरिया आदिवासींची मुलं कुपोषणानं दगावल्याच्या बातम्या देशानं वाचल्या. अशा मुलखात चांगलं चाललेलं जठर लाखो रुपये खर्चून कापून घ्यायचं, यात नीती कोणती? हा आक्षेप मी टाळू शकत नाही, आणि खर्चाच्या विषमतेबद्दल तो खरा आहे. पण लठ्ठपणा म्हणजे भुकेच्या विरुद्ध टोक, ही समजूत चुकीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून राहिलेली. राबणाऱ्या, अर्धपोटी आयांच्या पोटी येणारं मूल मेद साठवण्याची घडण घेऊनच जन्मतं आणि पुढे अन्न मुबलक झालं की मधुमेहाकडे लवकर झुकतं. चरकाच्या यादीतलं बीज इथे पुन्हा भेटतं. श्योपूरचं उपाशी मूल आणि लष्करातला स्थूल गृहस्थ एकाच अन्नव्यवस्थेची लेकरं असू शकतात. एकाला अन्न पोचवण्यासाठी दुसऱ्याचा उपचार थांबवावा लागत नाही. सरकारी इस्पितळांतही हा उपचार मिळावा अशी मागणी मात्र करावी लागते, नाहीतर संयमाचं उपकरणही पैसेवाल्यांचंच ठरेल. गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये याच शहरात सुरू झालं ते अशाच हेतूनं, वैद्यक वाड्यांबाहेरच्या माणसापर्यंत जावं म्हणून, असं मी मानतो.

आणि पुन्हा डबा. आजाऱ्याला खाऊ घालणं ही आपली प्रेम दाखवायची एकच भाषा असेल, तर ही शस्त्रक्रिया घरच्यांनाही मुकं करते. पंगतीतला आग्रह हा आपल्याकडे यजमानाचा धर्म मानला गेला. वहिनी, अगदी चमचाभर तरी घ्या, यावर नाही म्हणणाऱ्याला उर्मट ठरवलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर तो चमचाभर आग्रह नव्या टाक्यांवर ताण आणतो, उलटी करवतो, पुढे महिन्यांनी जुन्या सवयीला वाट करून देतो. तेव्हा माणसाला भरती करण्याआधीच घरात हे ठरलेलं असावं की येणाऱ्या पाहुण्याला कोण सांगणार, गणपतीत ताटात एकच मोदक का आहे याचा खुलासा कोण करणार, आणि इस्पितळात भेटायला येताना मिठाईच्या पुड्याऐवजी दुपारचे दोन तास कोण घेऊन येणार. पहिल्याच दिवशी रुग्णाला वॉर्डात चालवतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. त्या वेळी सलाइनचा स्टँड ढकलत त्याच्याबरोबर हळूहळू चालणारा कुणी हवा असतो. पुढे श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडू दर तासाला उचलायचे असतात, आणि मागे लागून ते करून घेणारंही कुणी लागतं. लष्करातल्या बायका डब्यांची पाळी जितक्या झटपट लावतात तितक्याच झटपट या पाळ्याही लावू शकतील. फक्त यादी बदलायला हवी, आणि ती भरतीच्या आदल्या रात्री नव्हे, त्याच्याही आधीच्या दोन आठवड्यांत, यकृत लहान व्हावं म्हणून रुग्ण ज्या काळात कमी कॅलरीच्या आहारावर असतो आणि घरात इतरांसाठी फोडणी पडत असते.